सोपानची बिनपेट्रोलची मोटार

पेट्रोल पंप दिसला की माझा धाकटा दीर सोपान रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जायचा. "तितं नोटा जाळत्यात, वहिनी," म्हणायचा.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या गावी, सणसरला, त्यानं भंगारातली एक मोटार आणली, इंजिन उपसून टाकलं आणि त्याजागी विजेवर फिरणारी मोटर नि ट्रॅक्टरच्या सहा बॅटऱ्या बसवल्या. त्या भरायच्या विहिरीवरच्या कनेक्शनवर. पाण्याच्या पंपाचं बिल तेव्हा हॉर्सपॉवरवर ठरलेलं, वीज कितीही ओढा. भेटेल त्याला सांगायचा, "तुमची पेट्रोलवर, माजी फुकटावर!"

मी चौथी शिकले. तेवढ्यावर हिशेब येतो.

"आन् दरसाल बॅटऱ्या मरत्यात, त्या?"

"ते भांडवल. चालवायचा खर्च न्हाय."

"बंद पडली की ट्रॅक्टरनं वढून आनतोस, त्याचं डिझेल?"

"ते ट्रॅक्टरच्या खात्यात."

शेजारचे आबा म्हणायचे, "सोपानराव, लोकं गाडीत बसून येत्यात. तुमी गाडीला घिऊन येता."

माझं माहेर पळसदेव. जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी फार ओसरलं की देऊळ उघडं पडतं. त्याच्या पायरीवर मी सागरगोटे खेळले. तिथं एकदा बसायचं होतं, बाकी काही नाही. पण पेट्रोल-डिझेलच्या वासानं मला ओकाऱ्या होतात. एसटीतून दोनदा अर्ध्या वाटेवर उतरले. मग नाद सोडला. म्हणजे बोलायचं सोडलं.

एका वर्षी पाणी खूप खाली गेलं. सोपान नव्या बॅटऱ्या घालून सकाळीच दारात. "बसा वहिनी. ट्रायल घ्यायचीय."

मोटार सायकलीच्या वेगानं निघाली. वास नव्हता. मी खिडकीतून ऊस बघत गेले. पळसदेवच्या अलीकडं चढावर ती दमली आणि थांबली. लांब पाणी चमकत होतं, त्याच्या काठाला देवळाचं शिखर, हरभऱ्याएवढं.

"पेट्रोलची असती तर पोचली असती," मी म्हणाले. "आन् सस्तात."

"व्हय," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "पेट्रोलच सस्तं हाय. पयल्याच साली हिशेब केलता म्या."

"मग ह्यो उद्योग कशाला?"

तो टायरकडं बघत राहिला. "पेट्रोलवर तुमाला आनता आलं नसतं."

मी दार उघडून खाली उतरले.

"बिरेक सोड," म्हटलं, पदर खोचला आणि मागनं गाडीला हात लावला. चढ चारच पावलं राहिला होता. पुढं पाण्यापर्यंत उतार होता.