आधी कडी, मग सरकार

बाथरूमच्या कडीची मूठ हातात आली, तेव्हा सर टॉवेल गुंडाळून आरशासमोर ‘जनतेच्या हितासाठी आम्ही हा निर्णय घेत आहोत’ हे वाक्य घोकत होते. घोकता घोकता त्यांनी कडी ओढली. मूठ आली, कडी जागची हलली नाही. सरांनी मुठीकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं, आणि मग “अगंऽ” अशी जी हाक मारली, तिच्यात जनतेचं हित औषधालाही नव्हतं.

“काय झालं?” बाहेरून वहिनींचा आवाज आला. वहिनी म्हणजे सरांची बायको. अख्खी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून आपणही तेच म्हणू.

“कडी तुटली! मी अडकलो!”

“ती कडी ढिली झालीय म्हणून मी दोन वर्षं सांगतेय. तुम्ही काय म्हणालात?”

आत नळ तेवढा ठिबकत होता, आणि त्याबद्दलही वहिनींनी सांगून झालं होतं.

“काय म्हणालात?”

“बघू म्हणालो,” सर पुटपुटले.

सरांच्या घरात ‘नाही’ हा शब्दच नव्हता. पंखा कुरकुरतोय? बघू. खिडकीची काच तडकलीय? बघू. माणूस स्वभावाने इतका गोड, की समोरच्याला आपलं काम होणार नाही हे कळायला दोन-तीन वर्षं लागायची.

आणि गंमत अशी, की हाच माणूस रस्ता दुरुस्ती आघाडीचा संस्थापक अध्यक्ष होता. भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर गल्लीच्या तोंडावरच्या खड्ड्यात त्यांची स्कूटर आपटली, ढोपर फुटलं, आणि त्या तिरीमिरीत त्यांनी जेवणाच्या टेबलावर पक्ष काढला. अध्यक्ष स्वतः, सरचिटणीस मेहुणा, खजिनदार वहिनी. वहिनींनी भाजी चिरता चिरता सही केली होती, कशावर केली ते पाहिलंही नव्हतं. लोकशाही हवी म्हणून सरांनी घटनेत एक कलमही घातलं होतं: पक्षाच्या कुठल्याही पत्रावर तिघांपैकी दोघांच्या सह्या हव्यात. घोषणा होती, ‘आधी दुरुस्ती, मग गोष्टी’.

सर विधानसभेला उभे राहिले आणि चक्क निवडून आले. निकाल ऐकून त्यांनी टीव्हीलाच दोन थापडा मारल्या, बिघडला असेल म्हणून. पण खरा धक्का पुढे होता. मोठ्या साहेबांच्या पक्षाला बहुमताला एक जागा कमी पडली. समोरच्या तात्यांच्या पक्षालाही नेमकी एकच. मधे उरले एकटे सर. त्या दिवसापासून घरचा फोन असा खणखणत होता, की वहिनींनी त्याच्यावर उशी ठेवली होती.

आज संध्याकाळपर्यंत मोठ्या साहेबांना राज्यपालांपुढे पाठिंब्याचं पत्र ठेवायचं होतं, नाहीतर सरकार हातचं जाणार होतं. ते पत्र घ्यायला ते स्वतः येणार होते. आणि सर टॉवेलवर आत!

“दार तोडा!” आतून सर ओरडले.

“दाराला कोणी हात लावायचा नाही,” वहिनी म्हणाल्या. “घरात बाथरूम एकच आहे. तोडलेलं दार मग दुरुस्त कोण करणार? तुम्ही?”

वहिनींनी भाजीची सुरी फटीत घालून पाहिली, ती वाकली. मग त्यांनी सुताराला फोन लावला. तो म्हणाला, निघालोच.

“अगं, एक कर,” सर दाराला तोंड लावून कळवळून म्हणाले. “साहेबांना सांगू नकोस. दुरुस्ती आघाडीचा अध्यक्ष नादुरुस्त कडीमुळे अडकला, हे बाहेर फुटलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही!”

“मग काय सांगू?”

“अंघोळ करतोय म्हणून सांग.”

मोठे साहेब आले. सोबत सचिव, अंगरक्षक, आणि हारतुरे घेतलेली दहा-बारा माणसं. हॉलमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. मेहुणा नवा कोट घालून सगळ्यांच्या पुढे उभा होता. महामंडळाचं अध्यक्षपद आणि दिव्याची गाडी, एवढीच त्याची साधी अपेक्षा होती, आणि ती त्याने हात मिळवतानाच सांगून टाकली.

“महामंडळं सगळी वाटून झाली हो,” मोठे साहेब हळहळले. मेहुण्याचा चेहरा पडला तो पडलाच. तो जाऊन खिडकीपाशी फुगून बसला.

“सर कुठायत, वहिनी?”

“अंघोळीला गेलेत.”

साहेब बसले. चहा झाला. दुसरा चहा झाला. साहेबांनी घड्याळाकडे पाहून सचिवाला जवळ ओढलं. “एवढी अंघोळ?”

सचिवाचं आयुष्य राजकारणात गेलं होतं. माणूस अंघोळीला गेला की अंघोळच करतो, यावर त्याचा विश्वास नव्हता. तो हळूच म्हणाला, “साहेब, हा भाव वाढवतोय.”

साहेब हबकले. वरवर साधा वाटणारा भूगोलाचा मास्तर आणि हे डावपेच! त्यांनी बाथरूमच्या दारापाशी जाऊन घसा खाकरला. “सर, रस्ते खातं तुमचं!”

आत सर दचकले. साबणदाणी खाली पडली.

“ऐकलंत? साबणदाणी आपटली,” सचिव कुजबुजला. “चिडलेत. कमी पडतंय.”

“रस्ते आणि पूल!”

“अहो साहेब, मला मंत्रिपद नको!” आतून सर रडवेले होऊन ओरडले. आता लाज सोडायलाच हवी होती. “मला सुतार हवाय!”

साहेबांनी सचिवाकडे पाहिलं. सचिवाने क्षणभर डोळे मिटले. “सुतार... म्हणजे लाकूड. वनखातं मागतोय, साहेब.”

“अरे देवा! ते तर माझ्या जावयाला दिलंय!” साहेब मटकन स्टुलावर बसले.

एवढ्यात सरांना मागच्या बाजूने खडखड ऐकू आली. बाथरूमच्या झरोक्याच्या काचा कुणीतरी एकेक करून बाजूला सारत होतं. सरांनी टॉवेल घट्ट धरला. झरोक्यात आधी एक हार दिसला, मग त्याच्या मागे घामाने डबडबलेलं तोंड. शिडीवर चढून साक्षात तात्या आले होते!

“नमस्कार, सर! मोठा देतोय त्याच्या दुप्पट देतो. उपमुख्यमंत्री व्हा!”

सरांना घेरी यायची बाकी होती. त्यांनी उलटी बादली पायाखाली घेतली आणि हात जोडायला गेले, तेव्हा लक्षात आलं, की हात जोडले तर टॉवेल सुटेल. त्यांनी एकाच हाताने नमस्कार केला.

“तात्या, मी अडकलोय हो! कडी तुटलीय! तुम्ही तरी सुतार बघा!”

“कडी?” तात्या शिडीवरच थिजले. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा पुढारी त्यांच्याशी खरं बोलत होता, आणि त्यांना त्याचं काय करावं ते सुचेना.

दाराबाहेर साहेबांनीही ते ऐकलं, तात्यांचा आवाजही ऐकला. ते ताडकन उठले. “वहिनी, खरंच कडी तुटलीय?”

“मग ते आत मघापासून काय गाणं म्हणतायत?” वहिनी कडाडल्या. त्यांनी पोस्टातल्या नोकरीतून अर्ध्याच दिवसाची रजा काढली होती, आणि ती संपत आली होती. “सुतार केव्हाच निघालाय. पण तुमच्या गाड्या उभ्या आहेत गल्लीभर! तो येणार कुठून?”

साहेबांनी अंगरक्षकाला पिटाळलं. अंगरक्षक धावत गेला आणि दुप्पट वेगाने परत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “साहेब, आपल्या गाड्या निघत नाहीत. पुढची गाडी गल्लीच्या तोंडावर खड्ड्यात रुतलीय. तिच्या मागे तात्यांच्या गाड्या. सुतार पलीकडे उभा आहे, पण गर्दी एवढी, की माणूसही शिरत नाही.”

“कुठला खड्डा?”

“तोच हो!” बाथरूममधून सर गरजले. टॉवेलवर असले तरी या विषयावर त्यांचा आवाज चढायचाच. “ज्याच्यावर मी निवडणूक लढवली तोच!”

हॉलमधला टीव्ही तोवर वेगळंच सांगत होता. ‘आघाडीच्या अध्यक्षांनी स्वतःला कोंडून घेतलं. अन्नत्याग केल्याचं समजतं.’

“अन्नत्याग?” वहिनींनी कपाळाला हात लावला. “आत्ता चार अंडी हाणून गेलेत आत!”

मग मोठ्या साहेबांनी जो फोन लावला, तसा फोन या शहरात पूर्वी कुणी लावला नव्हता आणि पुढेही कुणी लावेलसं वाटत नाही. खडीचा डंपर आला. डांबर आलं. रोलर आला. श्रेय एकट्या साहेबांना जाईल या भीतीने तात्यांनी शिडीवरूनच आरोळी दिली, तशी त्यांचीही माणसं फावडी घेऊन धावली. गाडी ढकलून बाहेर काढली. ज्या खड्ड्यासाठी सरांनी तेवीस अर्ज दिले होते, तो दोन्ही पक्षांच्या माणसांनी घाम गाळून बुजवला. सर झरोक्याशी लटकून तिरपं दिसणाऱ्या गल्लीच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साबणाचं नव्हे.

सुतार आला. त्याने फटीतून पटाशी घातली, एक हिसका दिला, दार उघडलं. तुटकी कडी त्याने काढून वहिनींच्या हातात ठेवली आणि म्हणाला, “ही गेली कामातून. नवी आणून ठेवा, बसवून देतो.”

सर बाहेर आले. टाळ्या झाल्या, हार पडले. कपडे घालून त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. डंपर आधी साहेबांचा आला होता, म्हणून पाठिंबा साहेबांना, हे त्यांनी जाहीर केलं आणि ऐटीत सही ठोकली. तात्या मागच्या दाराशी मान खाली घालून उभे होते, पण गेले मात्र नव्हते.

“दुसरी सही?” सचिवाने विचारलं.

मेहुण्याने खिडकीबाहेर पाहत सांगितलं, “आधी दिव्याची गाडी.”

मग सगळ्या माना वहिनींकडे वळल्या. खजिनदार! वहिनींनी पेन घेतलं, टोपण काढलं. कागदावर पेन टेकवण्याआधी त्यांनी मान वर केली.

“अहो, जाता जाता आठवलं. नवी कडी आज आणाल ना?”

सर साहेबांना हार घालण्यात गुंतले होते. वळूनही न पाहता, सवयीने, अगदी गोड आवाजात ते म्हणाले, “बघू.”

मोठ्या साहेबांनी सरांकडे असं पाहिलं, जसं भर रस्त्यात स्वतःच्या गाडीची हवा सोडणाऱ्या माणसाकडे पाहावं. सचिवाने डोकं धरलं. आपण काय बोललो ते सरांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा हात हारासकट हवेतच राहिला.

वहिनींनी टोपण लावलं. पेन पर्समध्ये टाकलं. पत्राची नीट घडी घालून तेही पर्समध्ये टाकलं.

“मी कामावर चालले,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी येते.”

“अहो वहिनी, सरकार!” साहेबांचा आवाज फुटला.

“काउंटरवर रांग आहे माझ्या,” म्हणून वहिनी नव्या डांबरावरून पोस्टाकडे चालत्या झाल्या.

त्या संध्याकाळी वहिनी परतल्या तेव्हा हॉल पुन्हा गच्च भरला होता. साहेबांच्या अंगठ्याला पट्टी होती, कारण कडीचा पहिला खिळा त्यांनी स्वतः ठोकला होता. बाथरूमच्या दाराला आतून दोन कड्या चमकत होत्या. वरची साहेबांनी आणलेली पितळेची. खालची, तिच्याहून बोटभर लांब, तात्यांची. ठिबकणारा नळसुद्धा कुणीतरी बदलला होता.

“बघ, कशा झकास बसल्यात!” सर हात चोळत म्हणाले. “आता सही?”

“लागतात का नीट, ते तर पाहू दे,” वहिनी म्हणाल्या आणि पर्ससकट आत गेल्या. वरची कडी खट्. खालची कडी खट्. मग नवा नळ सोडल्याचा आवाज आला.

बाहेर सगळे दाराला कान लावून उभे होते. बादली भरत होती. साहेबांनी घड्याळ पाहिलं, सचिवाने साहेबांना पाहिलं, आणि तात्या हळूच शिडी शोधायला मागे गेले. शेवटी सरांनीच घाबरत दारावर टकटक केलं.

“अगं, वेळ संपत आली! बाहेर येतेस ना? सही करतेस ना?”

नळ बंद झाला. आतून वहिनींचा आवाज आला, अगदी गोड.

“बघू.”