साठ नंबरचा कागद

मला शिवण कोणी शिकवलं नाही, वायरिंग कोणी शिकवलं नाही, आणि नळाचा वॉशर तर मी झोपेतसुद्धा बदलीन. तेव्हा जुनं टेबल घासून त्याला पॉलिश करणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

टेबल हवं होतं शिवणकामासाठी. सोमवारी माझं आयुष्यातलं पहिलं गिऱ्हाईक येणार होतं, शाळेतल्या गाण्याच्या बाई, तेही रेशमी कापड घेऊन. फळीवर एक कुसळ जरी राहिलं तरी धागा ओढला जाणार आणि धंदा उद्घाटनालाच बसणार.

सुताराने फोनवर सांगितलं, घासायचा कागद दीडशे, साठ आणि तीनशेवीस अशा तीन नंबरांचा आणा आणि खरखरीतपासून मऊपर्यंत जा. खरखरीत नंबर कुठला, हे विचारणं मला कमीपणाचं वाटलं. आमचा पंखा एकवर हळू फिरतो, पाचवर सोसाट्याने. म्हणजे तीनशेवीस नंबर जहाल आणि साठ नंबर बिचारा गरीब. एवढी साधी गोष्ट!

शनिवारी तीनशेवीसने सुरुवात केली. टेबलाला गुदगुल्यासुद्धा झाल्या नाहीत. लाकूड फार कडक आहे, असं मी म्हटलं. आमच्या ह्यांनी मान डोलावली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की माणूस तेवढंच करतो. मग दीडशे झाला, आणि रविवारी शेवटचा हळुवार हात म्हणून साठ. भुसा असा उडाला की ह्यांच्या भुवया पिकल्या आणि शेजारीण भिंत पडली का म्हणून डोकावून गेली.

संध्याकाळी सासूबाई परीक्षेला आल्या. त्यांनी फळीवरून हात फिरवला. हात पुढे गेला, शालीचं टोक मागेच राहिलं.

"सूनबाई, हे टेबल आहे की किसणी?"

सुताराला पुन्हा फोन. तो इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला. मग त्याने समजावलं, नंबर मोठा तितके कागदावरचे कण बारीक. "ताई, जिना उलटा उतरलात तुम्ही. आता परत चढा."

सोमवारी गाण्याच्या बाई दारात आल्या तेव्हा टेबलाच्या दोन टोकांना आम्ही दोघं तीनशेवीस घेऊन डोलत होतो आणि मधोमध सासूबाई ओलसर फडक्याने भुसा टिपत होत्या. पॉलिशचा अजून पत्ता नव्हता. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक.

बाईंनी कापडाची पिशवी खुर्चीवर ठेवली. तळवा फळीवरून नेला, परत आणला, पुन्हा नेला.

"अहो, काय मऊ केलंय हे. हाताने?"

"सहा हातांनी," सासूबाई म्हणाल्या.

"आमच्याकडेही एक आहे असंच, कुसळं भरलेलं. आधी ते कराल का? कपड्याचं काय, बघू सावकाश."

मी गळ्यातली टेप काढली, बाईंना त्यांच्या टेबलाचं विचारत गेले आणि नव्याकोऱ्या वहीत शिवणाच्या धंद्यातलं पहिलं माप लिहून घेतलं: उंची अडीच फूट, कंबर नाही, पाय चार.