पंधराशे वाजता

अरे, ऐका तर! आमच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आहेत. अख्खं आयुष्य काट्यांत गेलं, म्हणून सगळे त्यांना काटेकाकाच म्हणतात. "वेळ मला विचारून पुढे सरकते!" असं छाती फुगवून सांगणारा माणूस!

मुलगा दुकान सोडून सैन्यात गेला, तेव्हा काका कडाडून भांडले. आठ महिने अबोला. आणि एका सकाळी त्याचा मेसेज आला: 'आमची गाडी आज १५०० वाजता आपल्या स्टेशनवर दहा मिनिटं थांबेल. पुढे दोन वर्षं रजा नाही. बाबा, राग गेला असेल तर या.'

काकांनी तो अकरा वेळा वाचला. डोळे भरलेले, पण मान ताठ!

"पंधराशे म्हणजे किती हो?" काकूंनी विचारलं.

"पाच!"

"अहो, बारा वजा करतात ना?"

"माझ्या कुठल्या घड्याळात पंधरा बघितलेस तू? पुढचा एक म्हणजे नुसती दुपारची खूण. तो काढला की उरले पाच!"

"आणि वीस वाजले तर?"

"वीसला कोण येतंय इथे! शर्टाला इस्त्री कर!"

काकूंनी इस्त्री तापत ठेवली. घड्याळावरून काकांशी वाद घालायचा, म्हणजे न्हाव्याला वस्तरा कसा धरायचा ते सांगायचं!

दुपारी तीन वाजता, अगदी ठोक्याला, काका दुकानात बसून बुटांना पॉलिश करत होते.

साडेचारला दोघं प्लॅटफॉर्मवर हजर. "अर्धा तास आधी! याला म्हणतात शिस्त!" पाच झाले. सव्वापाच झाले. रुळांवर फक्त एक कुत्रं.

"सैन्याची गाडी आणि लेट?" काका तणतणत थेट स्टेशनमास्तरांच्या टेबलावर. "पाचची गाडी कुठाय?"

"कसली पाचची? सैन्याची गाडी तीनला आली, तीन दहाला गेली."

काका खुर्ची नसताना बसायला निघाले!

"एक जवान दारात उभा होता," स्टेशनमास्तर म्हणाले. "सारखा गेटकडे बघत होता. मी विचारलं, कोणी यायचंय का? म्हणाला, वाटलं होतं येतील."

काकूंनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. पुढच्या स्टेशनवरून मुलगाच!

"बाबा... आला नाहीत. अजून रागावलाय का?"

आता सांगा, बोलायचं होतं तरी किती? बाळा, चुकलो, वेळच कळली नाही मला. बस्स! पण चाळीस वर्षं घड्याळं उघडून बसलेल्या माणसानं, तेही स्टेशनमास्तरांसमोर, वेळ कळली नाही म्हणायचं? काकू हातानं खुणावत होत्या, सांगा, सांगा!

"हो," काका म्हणाले. "रागावलोय!"

पलीकडून "बरं." आणि फोन बंद.

घरी आल्यावर काकूंनी मुलासाठी नेलेली पिशवी तशीच्या तशी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "त्याला फोन लावून खरं काय ते सांगा. तोवर ताट वाढणार नाही."

"सांगतो ना," काका पुटपुटले. "जरा शांत होऊ दे त्याला. आठ वाजता सांगतो."

काकूंनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

"कुठल्या आठला?"