खणलेली बाजू

लांब उडी शिकवावी तर पीटीच्या सरांनी, असं पीटीच्या सरांचं ठाम मत होतं. कॉलेजात असताना त्यांनी मारलेली एक उडी दरवर्षी सांगताना वीतभर वाढत गेली होती. आता ती वाळूचा खड्डा ओलांडून कुंपणाबाहेर पडायच्या बेतात होती.

"अहो, उद्या मोठ्या बाई तुमचा तास बघायला येणार ना?" बायकोने विचारलं. "नाही आवडला तर तो गणिताला देणार म्हणे!"

"देतात बऱ्या! मी स्वतः उडी मारून दाखवणार आहे!"

"तुम्ही? परवा माळ्यावरचा डबा काढायला शेजाऱ्यांना हाक मारलीत!"

"तेव्हा वॉर्मअप झालं नव्हतं!"

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या आल्या आणि त्यांनी शिक्षा बंद केल्या. सरांनीही केल्या, म्हणजे नाव बदललं. जो उशिरा येईल त्याने फावड्याने खड्ड्यातली वाळू खणून भुसभुशीत करायची, याला सर 'श्रमानंद' म्हणत. रोज दोघंतिघं तरी हा आनंद घ्यायला हजर असत, त्यामुळे वाळू कायम पिंजलेल्या कापसासारखी. फावडं कुठल्या टोकाला धरतात, हे सर केव्हाच विसरले होते.

पण बाईंसमोर वर्ग कसा शिस्तीत दिसला पाहिजे! सरांनी बजावून ठेवलं, "उद्या एक जण जरी उशिरा आला, तर गाठ माझ्याशी आहे!"

आणि एक जणही उशिरा आला नाही. सगळा वर्ग घंटेच्या आधी रांगेत उभा! सर क्षणभर गहिवरले. मग त्यांचं वाळूकडे लक्ष गेलं. रात्री टाकीचं पाणी वाहून ती अशी घट्ट बसली होती, की वर टेबल-खुर्ची टाकून परीक्षा घ्यावी.

"वाळू कोण खणणार?" सर ओरडले.

"उशिरा येणारा!" वर्ग एका सुरात.

"अरे, पण आज उशिरा कोण आलंय?"

"कोणीच नाही, सर!" रांगेतली सगळ्यात उंच आणि सगळ्यात काटकुळी मुलगी म्हणाली. तिला सगळे फूटपट्टी म्हणत. "मग गुन्हा नसताना शिक्षा कशी?"

"शिक्षा नाही ती! श्रमानंद!"

"मग तुम्ही घ्या ना, सर!"

सरांनी निमूटपणे फावडं उचललं. अंगात कोरा पांढरा ट्रॅकसूट. वेळ होता जेमतेम अर्धा खड्डा खणण्यापुरता. कुठला अर्धा, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. आपण पडणार ते लांब! त्यांनी उडी घ्यायच्या फळीपासून लांबची बाजू खणायला घेतली. ती लोण्यासारखी झाली, आणि मागून आवाज आला.

"हे काय, सर? तुम्ही खणताय?" मोठ्या बाई!

"बाई, जो उशिरा येतो त्याला खणावं लागतं!" फूटपट्टीने तत्परतेने माहिती पुरवली.

बाईंचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे इथे मुलांना शिक्षा होते?"

सरांना घाम फुटला. हो म्हणावं तर तास गेला. नाही म्हणावं तर हातातल्या फावड्याचं काय करावं?

"मुलांना कुठली, बाई!" सरांचा आवाज खोल गेला. "तो नियम माझ्यापुरता आहे. मी... आज उशिरा आलो."

वर्गाने आ वासला. घंटेच्या कितीतरी आधी गेटवर उभं राहून एकेकाला मोजून आत घेणारे सर ते हेच!

"असं वागणं शिक्षकाला शोभतं का?" बाई म्हणाल्या. "बरं, आता दाखवा उडी."

सर जीव तोडून धावले. फळीवर पाय अचूक पडला. हवेत त्यांनी हातही झोकात फेकले. एवढ्यात जमीन आली. लोण्यासारखी वाळू अजून बरीच लांब होती. सर अलीकडच्या, न खणलेल्या भागात टाचांवर आदळले, मागे कलले आणि हात टेकून मटकन बसले. असा आवाज आला, की दोन वर्गांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

फूटपट्टी टेप घेऊन धावली आणि सरांच्या टाचा सोडून तळहाताशी बसली.

"अगं, पाय तर पुढे आहेत," बाई म्हणाल्या.

"नाही बाई, फळीला सगळ्यात जवळची खूण धरतात. सरांनीच शिकवलंय. मागे हात टेकला की तेवढी उडी गेली!" तिने टेप ताणून खड्या आवाजात आकडा सांगितला. मुलींच्या रांगेत हसू उसळलं. तो आकडा त्यांच्यातल्या सगळ्यात बुटकीच्या उडीचा होता.

सरांना वाटलं, ही घट्ट वाळू दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण तिला खणल्याशिवाय दुभंगता येत नव्हतं.

बाई मात्र खूष दिसल्या. "शिकवणं पक्कं आहे हो तुमचं! तास राहू दे तुमच्याकडेच. उडी तेवढी मुलींना मारू द्या."

उठून उभं राहावं आणि बाईंचे आभार मानावेत, असं सरांच्या मनात होतं. त्यातले आभार त्यांनी मानले.