मारुतीसमोरचा पाट

गुरुवारी सकाळी महारुद्र मास्तरांच्या नीलाने भाकरीची ताटली बाजूला सारली आणि सांगून टाकलं, की यापुढे ती जेवेल ती मारुतीच्या पंगतीलाच.

नीला सात वर्षांची, पण बोलणं तहसीलदाराच्या हुकमासारखं. मास्तर नळदुर्गच्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवत. चाळीस पोरांना नुसत्या नजरेने गप्प करणाऱ्या मास्तरांचं घरात मात्र कुणापुढेच काही चालत नसे.

मारुतीचं प्रकरण असं, की किल्ल्याखालच्या मैदानात शेतकी प्रदर्शन भरलं होतं. सुधारित बियाणं, लोखंडी नांगर, खताची पोती असं सगळं ओळीने मांडलेलं होतं. लोक यायचे, पोत्यांकडे एकदा पाहायचे आणि पाळण्यात बसून घरी जायचे. त्याच मैदानात एका फिरत्या नाटक कंपनीने तंबू ठोकला होता. तिच्या रामायणाला कुणी फिरकेना, तेव्हा कंपनीचा मालक कल्याणप्पा याने एक शक्कल काढली. रोज दुपारी मंडपात पंगत बसवायची आणि पंगतीत राम, सीता, लक्ष्मण आणि मारुती जातीने हजर ठेवायचे. मोठ्या माणसाला दोन रुपये, लहानाला एक. नाटकाला न आलेलं गाव जेवायला मात्र लोटलं.

मास्तरांना हा शुद्ध लुटीचा प्रकार वाटत होता. स्टँडसमोरच्या खाणावळीत बारा आण्यांत पोटभर जेवण मिळे, वर वाटीभर ताक. मग हा वरचा सव्वा रुपया कशाचा, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल त्यांनी शाळेत मास्तर मंडळींपुढे मांडला, पानाच्या ठेल्यावर मांडला आणि घरी तर रोज मांडला. रंग फासलेल्या माणसासमोर बसलं म्हणून वरण काही गोड होत नाही, हे त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटे, आणि पटलेली माणसं दुसऱ्या दिवशी पंगतीला दिसत.

त्यांची बायको सत्यभामा यावर काहीच बोलली नाही. ती काही बोलली नाही की मास्तर खिशातले पैसे मोजायला घेत.

शनिवारी संध्याकाळी सासूबाई आल्या. धुरपदाबाई भूमजवळच्या वाशीकडच्या. नवरा गेल्यावर वीस एकर रान एकट्या हाताने सांभाळलेली बाई. त्या प्रदर्शनातले नांगर पाहायला आल्या होत्या. नात तीन दिवस नुसत्या दुधावर आहे हे कळताच त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "लेकरू देवासंगं जेवाया मागतंय जावईबापू. दुसरं काय मागत न्हाय."

रविवारी दुपारी मास्तर चार तिकिटं काढायला उभे होते. तिथे कळलं, की मारुतीच्या अगदी समोरचा पाट हवा असेल तर आठ आणे जादा. मास्तरांनी खिडकीतल्या माणसाला आठ आण्यांचं कारण विचारलं. मागे तीस माणसं खोळंबली होती आणि नीला त्यांचा सदरा ओढत होती. साडेसात रुपये देऊन मास्तर मंडपात शिरले.

आत गोणपाटाच्या पडद्यांमध्ये चाळीस पत्रावळी मांडल्या होत्या. वरच्या अंगाला रांगोळी काढलेल्या पाटांवर चार देव बसले होते. निळा राम, पिवळा लक्ष्मण, खाली मान घातलेली सीता, आणि गालांत कापूस भरून ओठ पुढे काढलेला शेंदरी मारुती. त्यांच्यापुढे मोठाल्या ताटांत पुऱ्यांची चळत, भाजीचा ढीग आणि चार-चार बुंदीचे लाडू. माणसांच्या पत्रावळीवर मोजून चार पुऱ्या आणि लिंबाएवढा एक लाडू. मास्तरांनी ते मोजलं आणि बायकोकडे पाहिलं. सत्यभामा रामाकडे पाहत होती.

वाढप झालं. श्लोक झाला. सगळ्यांचे हात पत्रावळीकडे गेले, पण धुरपदाबाईंनी हात जोडून मांडीवर ठेवले. देवाने घास घेतल्याशिवाय आपल्याला गिळायचा नाही, असं त्यांनी शेजारणीला सांगितलं. शेजारणीने तोंडाजवळ नेलेली पुरी खाली ठेवली. तिच्या पलीकडच्या बाईनेही ठेवली. बघता बघता सगळी पंगत हात जोडून बसली. जेवत होते एकटे मास्तर. चाळीस माणसं आपल्याकडे पाहताहेत हे ध्यानात आल्यावर त्यांनीही घास खाली ठेवला.

वाढप्याने समजावून पाहिलं, की देवांपुढची ताटं दर्शनाची आहेत, देव जेवत नसतात. बाईंवर परिणाम झाला नाही. वाढप्याने मालकाला बोलावलं. कल्याणप्पा जाडजूड, जरीची टोपी घातलेला माणूस. तो घाम पुसत आला आणि देव फक्त भावाचा भुकेला असतो, असं दोन-तीन परींनी सांगू लागला.

"मग ताट कशापायी मांडलंव?" धुरपदाबाईंनी विचारलं.

कल्याणप्पाने पुन्हा घाम पुसला. बाहेर दुसऱ्या पंगतीची माणसं आवाज करू लागली होती. आधीची उठल्याशिवाय दुसरी बसणार नव्हती, आणि आधीची तर अजून जेवायलाच लागली नव्हती. शेवटी तो मारुतीजवळ जाऊन वाकला आणि दात आवळून म्हणाला, की दोन घास घे, दोनच.

मारुतीने गालांतला कापूस काढून पाटाखाली ठेवला. पहिली पुरी त्याने अख्खीच तोंडात घातली. ती आत जाते न जाते तोच दुसरी. राम-लक्ष्मणांनी एकदा एकमेकांकडे पाहिलं आणि तेही तुटून पडले. सीतेने नाकातली नथ काढून ठेवली, कारण ती लाडवाच्या आड येत होती.

दोन घास झाले, दहा झाले. ताटं रिकामी झाली. तेव्हा धुरपदाबाई उठल्या आणि आपल्या पत्रावळीवरच्या पुऱ्या त्यांनी मारुतीला वाढल्या. देव आपल्या हातचं खातोय म्हटल्यावर मंडपातल्या सगळ्या बायका उठल्या. सत्यभामेने आपल्या पुऱ्या रामाला दिल्या, मग मास्तरांच्या उष्ट्या न झालेल्या तीनही उचलून लक्ष्मणाला दिल्या. मास्तरांनी लाडवावर हात ठेवला होता, पण तेवढ्यात नीलाने तो मारुतीसाठी मागितला.

आतून नव्या पुऱ्या आल्या, त्याही देवांकडे गेल्या. मग भाताचं पातेलं गेलं. कल्याणप्पा मारुतीच्या कानाशी लागला. "बब्र्या, ऊठ आता."

"भरल्या पंगतीतनं उठू न्हाई मालक," मारुती तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, आणि त्याने वरण मागितलं.

अर्ध्या तासाने चुलीवर नुसतं पाणी उरलं. दुसऱ्या पंगतीची तिकिटं काढलेली तीस माणसं आत घुसली. कल्याणप्पाने मास्तरांचा दंड धरला आणि हे सगळं तुमच्या म्हातारीने केलंय, तुम्हीच निस्तरा, असं ऐकवलं. मास्तरांनी दंड सोडवून घेतला. पोटात एक घास, साडेसात रुपये गेलेले, आणि वर गुन्हेगार आपणच. ते काही बोलणार, एवढ्यात पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. त्या चारही देवांना सांगत होत्या, "उद्या दुपारी आमच्या जावयाच्या घरी जेवाया यावं. शाळंच्या मागं, महारुद्र मास्तरांचं घर."

हे ऐकताच कल्याणप्पाचा चेहरा उजळला. तो बाकावर चढला आणि दुसऱ्या पंगतीला म्हणाला, "तिकिटं जपून ठेवा. उद्या देव मास्तरांच्या घरी जेवणार हायत. हीच तिकिटं तिथं चालतील."

सोमवारी मास्तरांनी रजा टाकली. अकरा वाजल्यापासून त्यांच्या दोन खोल्यांच्या घरापुढे माणसं जमली. मास्तर उंबऱ्यात उभं राहून प्रत्येकाला सांगत होते, की हे घर आहे, खाणावळ नाही, आणि त्या तिकिटांशी आपला काही संबंध नाही. माणसं ऐकून घेत आणि अंगणात सावली बघून बसत. एक ट्रकवाला ट्रक रस्त्याला लावून आला होता. त्याने मास्तरांना समजुतीने सांगितलं, "मास्टर, मला सांजच्याला सोलापुरात माल उतरायचाय. जरा लौकर वाढा."

आत सत्यभामा पिठलं ढवळत होती आणि धुरपदाबाई भाकऱ्या थापत होत्या. शेजारणींनी देव येणार म्हणून ज्वारीचं पीठ, ताक, ठेचा आणून दिला होता. ओसरीत चार पाट मांडले होते, भोवती रांगोळी होती. मास्तरांना घरात पाय ठेवायला जागा राहिली नव्हती, म्हणून ते पुन्हा उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

एकच्या सुमाराला विटके पायजमे घातलेले चार हडकुळे तरुण आले आणि मुकाट्याने चार पाटांवर बसले.

"उठा, उठा," तिकीटवाल्यांतला एक किराणा दुकानदार खेकसला. "त्या देवांच्या जागा हायत."

चौघेही गडबडीने उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. तेवढ्यात धुरपदाबाई भाकरीची टोपली घेऊन बाहेर आल्या. त्यांनी त्या चौघांकडे पाहिलं. सगळ्यात उंच पोराला म्हणाल्या, "बस की रं बाबा. काल लाजला न्हाईस, आज कशाला लाजतूस?"

हाच मारुती, हे अंगणात पसरायला वेळ लागला नाही. दुकानदार जवळ येऊन निरखून गेला. सीतेच्या गालावर दोन दिवसांची दाढी होती. रामाच्या कानामागे थोडा निळा रंग राहिला होता, तेवढीच खूण. आपण दोन रुपये कुणाला पाहायला दिले, यावर अंगणात बरीच चर्चा झाली, आणि हे काही देव नव्हेत, पैसे परत घ्यायला हवेत, असं ठरवून सगळी माणसं तावातावाने तंबूकडे गेली. मागे फक्त ट्रकवाला राहिला. तो म्हणाला, की आपण देवासाठी नव्हे, जेवायलाच आलो होतो.

नीला मारुतीसमोर जाऊन बसली. बराच वेळ तिने त्याला वरखाली न्याहाळलं.

"शेपूट कुठंय?"

"मालकाच्या पेटीत."

"मग तू कोण?"

"म्या भूमचा बब्रुवान."

नीलाने थोडा विचार केला. मग तिने स्वतःची ताटली त्याच्या ताटाजवळ सरकवली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच अख्खी भाकरी खाल्ली. मास्तरांना बरं वाटलं. पण ते कुणाला दिसू नये म्हणून ते आत गेले.

चुलीशी धुरपदाबाई होत्या. मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, "मामी, काल तुम्हाला खरंच ते देव वाटले?"

"म्या काय खुळी हाय व्हय?" धुरपदाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "ते पोरगं पुरीकडं कसं बगत व्हतं, तुमी न्हाई बगितलं. देव असता तर त्यानं असं बगितलं नसतं. मालकाला सरळ सांगून त्यानं घास दिला असता का?"

 मग बाईंनी आणखी सांगितलं, की पानं वाढताना बब्रुवानाच्या तळहाताला नांगराचे घट्टे दिसले, रामाच्याही आहेत, चौघेही शेतकऱ्याची पोरं. हे त्या का सांगताहेत, ते मास्तरांच्या ध्यानात आलं नाही.

ते मंगळवारी संध्याकाळी आलं. सासूबाई सकाळच्या एसटीने गेल्या होत्या. मास्तर नुकतेच शाळेतून येऊन टेकले होते, तर दारात कल्याणप्पा. टोपी हातात, आवाज एकदम खाली.

"मास्तर, माझा राम कुठाय?"

चौकशीअंती उलगडलं ते असं. वाशीकडे ज्वारीची काढणी तोंडावर आली होती आणि माणूस मिळत नव्हता. धुरपदाबाईंनी रोजी, दोन वेळचं जेवण आणि निघताना पायलीभर ज्वारी अशी बोली करून चारही देव बसमध्ये घातले होते. जागा पकडायला मारुतीला पुढे पाठवलं होतं, असं स्टँडवरच्या हमालाने स्वतः पाहिलं होतं.

"मारुती राहू द्या," कल्याणप्पा काकुळतीने म्हणाला. "पर राम-सीता तरी धाडा. गुरुवारी खेळ हाय."

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच सासूच्या गावचा पत्ता मोठ्या आनंदाने लिहून दिला. येडशीला गाडी बदलायची, हेही समजावून सांगितलं. त्या रात्री ते पोटभर जेवले. कल्याणप्पा आणि सासूबाई समोरासमोर आले की काय होईल, याचा विचार करत ते बराच वेळ एकटेच हसत होते.

गुरुवारी खेळ झाला नाही. तंबू तसाच उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी कार्ड आलं. सासूबाईंना लिहिता येत नव्हतं. अक्षर मोत्यासारखं होतं, कारण सांगितलेलं रामाने लिहून घेतलं होतं. मास्तरांनी ते सत्यभामेला वाचून दाखवलं. सगळे खुशाल. काढणी निम्मी झाली. लक्ष्मण कामाला जरा मंद आहे. मालक कल्याणप्पा आले होते, रागात होते. त्यांना आधी जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशीही वाढलं. आता ते पेंढ्या बांधतात, अंगानेही उतरलेत.

इथे मास्तर थांबले. पुढच्या दोन ओळी त्यांनी मनातल्या मनात वाचल्या आणि कार्ड खिशात घालू लागले.

"काय लिवलंय?" सत्यभामेने हात पुढे केला.

मास्तरांना वाचावंच लागलं. "तरी एक माणूस कमी पडतं. जावईबापूंनी रविवारी यावं. ज्वारी उपटून हात सोलतात, तर हाताला बांधायला जुनं धोतर घेऊन यावं."

रविवार परवावर होता. मास्तरांनी शाळेची, तपासायच्या वह्यांची, गुडघ्याची अशी बरीच कारणं एकामागून एक सांगितली. सत्यभामा यावर काहीच बोलली नाही. ती उठली, पेटी उघडली आणि धोतर फाडायला बसली.