परिमल कॉलनीचा सार्वजनिक कन्व्हर्टर

ढुंढिराज क्षेमकल्याणी यांनी अठ्ठ्याण्णव साली मुंबई पासिंगची एक जुनी मोटार घेतली, ती चैनीसाठी नव्हे. त्यांच्या मातोश्री अक्काबाई यांना दमा होता आणि त्याबद्दल वणीच्या देवीशी त्यांना समक्ष बोलायचं होतं. एसटीत जीव घुसमटे. म्हणून मोटार.

नांदुरीचा घाट लागला आणि मोटारीलाच धाप लागली. ढुंढिराजांनी पाय पार दाबून धरला तरी ती सरकेना. सायकल हातात धरून चढ चढणारा एक भाजीवाला त्यांना मागे टाकून गेला आणि जाताना त्याने सहानुभूतीने मान हलवली.

"फिरव रे," अक्काबाई म्हणाल्या. "आधी हिला डॉक्टरला दाखव. माझं मागाहून बघू."

नाशकात परतल्यावर द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात दिनेश मिस्तरी गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलू लागला.

"काका, इंजिन एक नंबर हाय. सायलेन्सरच्या नळीत कन्व्हर्टर बसवलाय ना, तो चोंदलाय."

"करतो काय तो?"

"धूर साफ करतो. पण त्याला बिनशिशाचं पेट्रोल लागतं. मुंबईत मिळतं."

"आणि नाशकात?"

"नाशकात शिशाचं. ते पोटात गेलं की हा मेला."

"म्हणजे नाशिकची हवा चांगली ठेवायची तर मी पेट्रोल भरायला मुंबईला जायचं?"

"जा की. येताना कसाऱ्याचा घाट हाय, निम्मं तिथंच संपेल." दिनेश बाहेर आला. "नायतर काढून टाकू. सरळ नळी ठोकतो. लय पळेल."

लय पळाली. गडावर गाडी अशी चढली की मागच्या जीपवाल्याने भरदुपारी दिवे लावले. मंदिराच्या पायऱ्या चढणं अक्काबाईंना शक्य नव्हतं. त्यांनी पहिल्या पायरीवरूनच हात जोडले. त्यांना चालावं लागू नये म्हणून ढुंढिराजांनी गाडी अगदी पाठीशी आणून चालूच ठेवली होती.

"बाई, श्वास तेवढा दे," एवढं म्हणून अक्काबाईंना जो खोकला सुटला, तो नांदुरी येईपर्यंत थांबला नाही. देवीने काय उत्तर दिलं ते त्यामुळे ऐकू आलं नाही.

काढलेला कन्व्हर्टर भंगारात घालायला अक्काबाईंनी मनाई केली. गाडीचा अवयव तो. दसऱ्याला गाडीबरोबर त्यालाही हळदकुंकू लागलं, झेंडू मिळाला.

पुढे गाडी नाशिकच्या नावावर करायची वेळ आली. आरटीओतले तपासणीचे साहेब म्हणाले, "कन्व्हर्टर?"

ढुंढिराजांनी घाबरत डिकी उघडली. आत सतरंजीवर, हळदकुंकवासह, कन्व्हर्टर. साहेबांचा हात नकळत छातीशी गेला.

"उत्तम. झालं काम."

"पण साहेब, तो बसवलेला नाही," ढुंढिराज म्हणाले. खोटं बोलायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

"बसवलेला असता तर मला दिसला कसा असता?" साहेब शांतपणे म्हणाले. "गाडीखाली बघायला खड्डा लागतो. आमचा खड्डा मंजूर आहे, खोदलेला नाही. बाहेर जे खड्डे बघताय ते रस्त्याचे. त्यांचं खातं वेगळं. आता तुमच्या मागचे गृहस्थ म्हणतात, आमच्या गाडीला बसवलेला आहे. मी कशावरून मानू? त्यांना सांगितलं, काढून आणा."

मागचे गृहस्थ पाना घेऊन गाडीखाली शिरलेच होते.

ही बातमी ढुंढिराजांच्या परिमल कॉलनीत पोचली आणि मुंबईच्या स्वस्त गाड्यांची तिथे रीघ लागली. सगळ्यांच्या नळ्या सरळ झाल्या, आणि निघालेले कन्व्हर्टर भंगारवाल्याने चांगल्या भावाने नेले. मग तपासणी आली की जो तो कन्व्हर्टर मागायला क्षेमकल्याण्यांच्या दारात. कोपऱ्यावरच्या आल्हादने तर नेलेला कन्व्हर्टर मेव्हण्याला मालेगावला पाठवला. तेव्हा कॉलनीचे सेक्रेटरी खंडेराव यांनी लक्ष घातलं.

"तो कॉलनीच्या भांडारात जमा करा. पातेली, झारे, सतरंज्या असतात तसा. फक्त त्यावर नाव कोरायला हवं. बिननावाची वस्तू परत येत नाही."

"माझं कोरा."

"तुमचं कसं? भांडारात सगळं 'स्मरणार्थ' आहे. तुमच्याकडे गेलेलं कोणी?"

"वडील. पण ते मोठ्या झाऱ्यावर आहेत."

"एका नावाला एकच वस्तू, तसा ठराव आहे. मग थांबू." खंडेरावांनी सौजन्याने विचारलं, "साधारण किती थांबावं लागेल?"

ढुंढिराजांनी घराच्या खिडकीकडे पाहिलं. आतून खोकला आला आणि पाठोपाठ आवाज. कॉलनीतल्या सगळ्या गाड्या अक्काबाईंच्या खिडकीखाली लागत आणि सकाळी तिथेच तापवल्या जात. त्यामुळे खिडकी बंद असली तरी बाहेरचं बोलणं त्यांना सवयीने कळे.

"अरे, माझंच घाला! लोकांचा खोळंबा कशाला?"

"आई, तू आहेस अजून!"

"आहे म्हणून तर. मला वाचायला तरी मिळेल. गेल्यावर कोण दाखवतंय?"

नाव कोरलं गेलं: 'अक्काबाई क्षेमकल्याणी यांच्या स्मरणार्थ, परिमल कॉलनी, नाशिक.' कोरणारा अनुभवी होता. त्याने सुरुवातीला एका अक्षराची जागा सोडली.

पुढे नाशकातही बिनशिशाचं पेट्रोल आलं. अक्काबाईंना तपासून डॉक्टर म्हणाले, यांना धुरापासून लांब ठेवा. दिनेश म्हणाला, "काका, आता टाकू का नवा कन्व्हर्टर?" ढुंढिराज खंडेरावांशी बोलले.

"एका गाडीला दोन कशाला?" खंडेराव म्हणाले. "भांडारात आहे की! शिवाय नवा बसवलात, तर दर खेपेला काढून दाखवत बसाल."

ढुंढिराजांना ते पटलं. परतताना त्यांनी अक्काबाईंसाठी औषधाचा नवा पंप आणला. गाडीनेच आणला, म्हणजे लवकर मिळावा.

त्या थंडीत अक्काबाई गेल्या. कॉलनीत एकी मोठी. अंत्ययात्रेला एकूण एक गाडी निघाली आणि खिडकीखाली बराच वेळ तापत उभी राहिली. खिडकी त्या दिवशी उघडीच होती. कोणी हरकत घेतली नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर कोरणाऱ्याला बोलावलं. 'कै.' मोकळ्या जागेत बरोबर बसलं.

कन्व्हर्टर अजून भांडारात आहे. अनामत नाही, भाडं नाही. कॉलनीबाहेरच्यांनाही मिळतो, तेव्हा तुम्हीही संकोच करू नका. अक्काबाईंच्या नावाखाली पुष्कळ जागा शिल्लक आहे. येताना घरात जे कोणी खोकतंय त्यांचं पूर्ण नाव तेवढं विचारून या. 'कै.' मागाहून घालता येतं.