तात्यारावांचं लगेज

येरमाळ्याच्या तात्यारावांनी एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी घरात चार पाहुणे आले की अजून तोंडातून "पुढं सरका, पुढं सरका" निघायचं. तिकीट या विषयात आपल्याइतकं कळणारा माणूस अख्ख्या कळंब तालुक्यात नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. (समजुतीला तिकीट लागत नाही, म्हणून ती इतकी वर्षं फुकट फिरली.)

त्यांचा मुलगा प्रसेनजित, घरातला परशा, दिल्लीला सरकारी नोकरीत. त्याला मुलगी झाली आणि नामकरण ठरलं शनिवारी संध्याकाळी सहाला. तात्यारावांच्या बायकोनं, मुक्ताबाईंनी, तीन महिने खपून आपल्या आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली होती. नात त्या वाकळीत गुंडाळूनच नाव ठेवायचं, हे त्यांनी मुलाकडून कबूल करून घेतलेलं. वाकळ पोचल्याशिवाय नाव ठेवलंस तर मी पोरीला तुझ्याच नावानं हाक मारीन, अशी धमकीही दिलेली.

वीरेशच्या ऑनलाइन सेंटरवर जाऊन तात्यारावांनी शुक्रवारची तिकिटं काढली. पुणे ते दिल्ली, माणशी दोन हजार चारशे नव्व्याण्णव. वर खिडकीची सीट आणि विमानात खायला उपमा, त्याचेही पैसे भरले. इतकं स्वस्त विमान म्हटल्यावर ते आठवडाभर गावात छाती काढून फिरले.

आणि सोमवारी गुंडप्पा आला. गुंडप्पा म्हणजे सेवानिवृत्त वाहक-चालक मंडळाचा सेक्रेटरी. मंडळानं यंदाचा 'आदर्श वाहक' म्हणून तात्यारावांना निवडलं होतं. शुक्रवारी अकराला सत्कार, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. निवड कशाबद्दल झाली ते गुंडप्पानं सांगितलं नाही आणि तात्यारावांनी विचारलं नाही. शाल म्हटल्यावर त्यांना पुढचं काही ऐकूच आलं नव्हतं.

"तिकीट एक दिवस फुडं ढकलायचं," त्यांनी मुक्ताबाईंना सांगितलं. "शनवारी दुपारी बसलो की चारच्या आत दिल्ली."

"पैसे लागत्याल की."

"कशाचे पैसे? तारीख खोडायची, नवी लिवायची, वर सही. म्या आयुष्यभर तेच केलंय."

वीरेशनं कॉम्प्युटर उघडला, चष्मा वर केला आणि खाली केला. तारीख बदलायचे माणशी दोन हजार नऊशे नव्व्याण्णव, म्हणजे तिकिटापेक्षा बदल पाचशे रुपयांनी महाग. शनिवारचं भाडं वाढलेलं, त्याचा फरक माणशी एकवीसशे पन्नास. शिवाय माणशी साडेतीनशे सोयीचे.

तात्यारावांनी विचारलं, कुणाची सोय? वीरेश म्हणाला, ते लिहिलेलं नाही.

"आन् उपमा?"

"काका, उपमा शुक्रवारच्या विमानात हाय. शनिवारच्याला लागू न्हाय. सीटचं बी तसंच."

म्हणजे शुक्रवारी त्यांचा उपमा त्यांच्याशिवाय, खिडकीजवळ बसून दिल्लीला जाणार होता. तात्यारावांनी मग तिकिटं रद्दच केली तर किती परत मिळतील, असं विचारून पाहिलं. वीरेशनं जो आकडा सांगितला त्यात दोन चहा आणि एक वडापाव आला असता. तिकडं शाल होती, इकडं दहा हजार नऊशे अठ्ठ्याण्णव रुपये. तात्यारावांनी शाल निवडली आणि पेन्शनच्या खात्यातून पैसे भरले. घरी येऊन बायकोला म्हणाले, झालं काम, दोनशे रुपये लागले. मुक्ताबाईंनी त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुन्हा वाकळीत सुई घातली.

शुक्रवारी तात्याराव इस्त्रीचे कपडे घालून अकराला मंडळाच्या हॉलवर हजर. प्रमुख पाहुणे बाराला निघाले होते, एकला निघाले होते आणि अडीचला अजून निघतच होते. तीन वाजता गुंडप्पानं माइक हातात घेऊन जाहीर केलं की कार्यक्रम उद्या घेऊ. उद्या तात्याराव आभाळात असणार होते. शालीची पिशवी समोर टेबलावर दिसत होती, पण पाहुण्यांच्या हातूनच द्यायचा रिवाज, त्याला गुंडप्पा तरी काय करणार. तात्यारावांनी चहा घेतला आणि चारच्या गाडीनं बायकोला घेऊन पुण्याला मेहुण्याकडं मुक्काम गाठला.

शनिवारी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं बॅगा काट्यावर ठेवायला सांगितल्या. तात्याराव गालात हसले, काउंटरवर किंचित वाकले आणि हळूच म्हणाले, "स्टाफ."

एस.टी.त हा शब्द पुरतो. कंडक्टर मान हलवतो, वर बसायला जागाही देतो. मुलीनं विचारलं, "कुठल्या एअरलाइनचा स्टाफ, काका?"

"येरमाळ्याचा. आपलं, एस.टी.चा."

मुलगी चांगली होती, हसली नाही. तिनं काट्याकडं बोट दाखवलं. दोघांचे मिळून तीस किलो चालतात, सामान छत्तीस भरलंय, जादा किलोला साडेपाचशे. मुक्ताबाईंनी डिंकाचे लाडू, कारळाची चटणी, ज्वारीचं पीठ, बाळंतिणीला खारीक-खोबरं आणि वर जवळच्या वाशीचा खवा घेतला होता. तात्यारावांनी मुलीला समजावून सांगितलं की एकाला एक चिकटून बसणारं सामान हे, मांडीवर घेऊन बसतो, फार तर छतावर टाका. मुलगी म्हणाली, काका, काउंटर वीस मिनिटांत बंद होईल.

वीस मिनिटं म्हटल्यावर तात्यारावांच्या तोंडचं पाणी पळालं. हे विमान सुटलं तर सहाचं नामकरण गेलं, आणि मागून दुसरी गाडी येते का, हे विचारायची आता त्यांची छाती नव्हती. त्यांनी तिथंच बॅग उघडली. लाडू सदऱ्याच्या आणि विजारीच्या खिशांत भरले. एक सदरा होता त्यावर दुसरा चढवला, दुसऱ्यावर तिसरा. काटा तेहतीसवर येऊन हटून बसला. आता बाहेर काढण्याजोगी एकच जड वस्तू उरली होती, ती वाकळ.

"ही भाईर थांबलेल्या मेव्हण्याकडं ठिवू," तात्याराव चाचरत म्हणाले. "मागनं पार्सल करील त्यो."

मुक्ताबाई पुढं झाल्या. त्यांनी वाकळ बॅगेतून ओढून काढली आणि छातीशी धरली. त्यांचे डोळे भरून आले होते, आवाज मात्र कोरडा होता.

"परशाच्या वक्ताला माझा बाप बाळंतपणाची ज्वारी घेऊन तुमच्याच गाडीत बसला हुता. तुमी सासऱ्याला लगेजचं तिकीट फाडलं. वर म्हनले, नियम हाय. बाप माझा बिड्यांचे पैसे देऊन उतरला. ही लुगडी त्याच घरची हायती. ही न्हाय राहायची हितं."

बत्तीस वर्षांत ही गोष्ट एकदाही घरात निघाली नव्हती.

"आन् दोनशे रुपये न्हाय लागले," मुक्ताबाई पुढं म्हणाल्या. "खात्याला माझा नंबर हाय. दहा हजार नऊशे अठ्ठ्याण्णवचा मेसेज मला त्याच दिवशी आलाय."

मग त्यांनी वाकळ उलगडली, झटकली आणि भर काउंटरपुढं, मे महिन्याच्या दुपारी, तीन सदरे घातलेल्या नवऱ्याच्या खांद्यावर पांघरली. नीट, दोन्ही पदर सारखे करून.

"घ्या. झाला सत्कार."

मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. काटा बरोबर तीसवर आला आणि बॅगा आत गेल्या. तात्याराव तसेच विमानात बसले, दोघांच्या मधल्या सीटवर, घामानं निथळत. पलीकडच्या माणसानं उपमा मागवला. तात्यारावांनी खिशातला लाडू काढला, तो पार मऊ होऊन सदऱ्याला चिकटला होता.

साडेपाचला ते प्रसेनजितच्या दारात होते. बुद्धवंदना झाली, पोरगी वाकळीत गुंडाळली गेली आणि 'दीक्षा' हे नाव ठेवलं गेलं. मुक्ताबाई नातीला छातीशी धरून रडल्या, हसल्या, परत रडल्या. तात्यारावांनाही फार बरं वाटलं. वाकळ अंगावरून उतरल्यामुळं तर विशेषच.

तेवढ्यात गुंडप्पाचा फोन आला. तात्यारावांचे हात लाडवानं भरलेले म्हणून प्रसेनजितनं तो मोठ्या आवाजावर लावून ठेवला. कार्यक्रम झकास झाला होता. शाल तेवढी पाहुण्यांनाच पांघरावी लागली, कारण त्यांची आणायची राहिली होती. पण सन्मानपत्र सगळ्यांपुढं वाचलं, म्हणाला, थांबा, ऐकवतो.

"आगारात सलग अकरा वर्षं सर्वाधिक लगेज वसुली. स्वतःच्या सासऱ्यासही सवलत न देणारा आदर्श वाहक."

मुक्ताबाईंनी नातीचं टोपरं सारखं केलं.

"आन् तात्या, सन्मानचिन्ह पितळेचं हाय, चांगलं साडेचार किलो," गुंडप्पा उत्साहात सांगत होता. "तुमच्या मेव्हण्याकडं एस.टी.नं पुण्याला पाठवतो. लगेज तेवढं तुमी भरा. नियम हाय."